मोबाईलमध्ये उतरवलेले गाणे कोणाचे?

साधारण पंधरा वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या बहुतेक तालुक्यांच्या गावांत बसस्थानकाच्या आसपास एक पाटी हमखास दिसे: ‘मेमरी कार्ड भरून मिळेल’. दुकानदाराच्या संगणकात हिंदी, मराठी, अहिराणी गाणी आणि नवेजुने सिनेमे साठवलेले असत. गिऱ्हाईक कार्ड देई, थोडे रुपये देई आणि महिनाभराची करमणूक खिशात घालून घरी जाई. आता इंटरनेट स्वस्त झाले आणि कार्डाची जागा व्हॉट्सअॅप, टेलिग्रामने घेतली. खान्देशातल्या रावेरच्या शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या, स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलीच्या मनातला प्रश्न मात्र तोच राहिला. मोबाईलमध्ये गाणे, सिनेमा किंवा पुस्तकाची पीडीएफ उतरवून ठेवली, तर तो गुन्हा होतो का?

याची दोन उत्तरे सर्रास ऐकू येतात. एक म्हणते, ‘सगळेच करतात, काही होत नाही.’ दुसरे म्हणते, ‘तीन वर्षांची कैद होते.’ दोन्ही अर्धवट आहेत. भारताच्या कायद्याने स्वतःपुरत्या प्रतीला जागा ठेवली आहे आणि त्या जागेच्या सीमाही आखल्या आहेत. त्या सीमा कळण्यासाठी वकील असण्याची गरज नाही. काही कल्पना मात्र क्रमाने समजून घ्याव्या लागतात.

१. घड आणि फाईल

रावेरच्या बाजारात घेतलेला केळीचा घड शेजाऱ्याला दिला, की देणाऱ्याच्या घरात तो राहत नाही. गाण्याची फाईल शेजाऱ्याला पाठवली, तर ती दोघांकडेही राहते. शंभर जणांना पाठवली तरी मूळ फाईल तसूभरही कमी होत नाही. घडाचे रक्षण करायला चोरीचा कायदा पुरतो. गाण्यासाठी निराळा कायदा लागतो, कारण तिथे वस्तू न हलवताच नवी वस्तू तयार होते.

तो कायदा म्हणजे स्वामित्वहक्क कायदा, १९५७. रोजच्या बोलण्यात आपण त्याला कॉपीराइट म्हणतो. २१ जानेवारी १९५८ पासून तो देशभर लागू आहे. केंद्राचा कायदा असल्याने भुसावळ-खंडवा मार्गावर रावेरच्या पुढे बऱ्हाणपूरला उतरले तरी तो बदलत नाही.

या कायद्याचे पहिले सूत्र असे: प्रत विकत घेणारा त्या प्रतीचा मालक होतो, त्या कृतीचा मालक होत नाही. पुस्तक विकत घेतले की ते वाचणे, मैत्रिणीला वाचायला देणे, रद्दीत विकणे हे सगळे मालकाच्या हातात असते. त्याच्या नव्या प्रती काढण्याचा हक्क मात्र लेखकाकडे, किंवा लेखकाने तो ज्याला दिला असेल त्याच्याकडे राहतो. कागदावर छापणे आणि संगणकात साठवणे या दोन्ही गोष्टींना कायदा ‘प्रत काढणे’च म्हणतो.

दुसरे सूत्र: हक्क कल्पनेवर नसतो, मांडणीवर असतो. केळीच्या लागवडीवर कोणीही पुस्तक लिहू शकतो. दुसऱ्याने लिहिलेल्या ओळी, काढलेली चित्रे आणि केलेली मांडणी जशीच्या तशी उचलता येत नाही.

२. एका गाण्यात तीन हक्क

खान्देशात याचे सर्वांत चांगले उदाहरण बहिणाबाई चौधरींचे आहे. जळगावजवळच्या आसोद्यात १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर त्या गाणी रचत आणि त्यांतली काही त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव चौधरी आणि घरातली मंडळी वहीत उतरवून घेत. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्र्यांनी ती छापण्याचा आग्रह धरला आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक आले. लेवा गणबोलीतली ही रचना घराघरांत पोहोचली ती तेव्हापासून.

या कवितांचा हक्क कोणाचा? लेखणी सोपानदेवांच्या हातात होती, पण रचना बहिणाबाईंची. कायद्याच्या नजरेत लेखक तो, ज्याच्या बुद्धीतून कृती आली. उतरवून घेणारा लेखक ठरत नाही. त्यामुळे हक्क बहिणाबाईंचा आणि त्यांच्यामागे वारसांचा.

पुढे १९६१ मध्ये ‘मानिनी’ चित्रपटात त्यांची गाणी आली. आता त्याच गाण्यात तीन वेगवेगळे हक्क एकत्र आले. शब्दांचा हक्क कवयित्रीचा, चालीचा हक्क संगीतकाराचा आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क ते करवून घेणाऱ्या निर्मात्याचा. प्रत्येकाची मुदत निराळी मोजली जाते. गाण्याचे शब्द मोकळे झाले म्हणून त्याची कोणतीही ध्वनिफीत आपोआप मोकळी होत नाही.

हेच खान्देशातल्या कानबाई देवीच्या गाण्यांना लागू पडते. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या पारंपरिक ओव्या आणि गाणी कोणा एकाची नाहीत. ती कोणीही म्हणावीत. पण एखाद्या खान्देशी गायिकेने ती नव्या वाद्यवृंदासह मुद्रित करून यूट्यूबवर टाकली असतील, तर त्या मुद्रणावर तिचा किंवा निर्मात्याचा हक्क असतो.

३. साठ वर्षांचे गणित

हक्क कायमचा नसतो. लेखक, कवी, संगीतकार यांच्या बाबतीत तो हयातभर असतो आणि निधनानंतर ६० वर्षे टिकतो. ही साठ वर्षे निधनाच्या दिवसापासून मोजत नाहीत. पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांना प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे मिळतात. लेखकाच्या निधनानंतर पहिल्यांदा छापल्या गेलेल्या साहित्यालाही प्रसिद्धीपासूनच मोजलेली ६० वर्षे मिळतात.

पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ च्या अखेरीस संपणार होता. तो संपायच्या बेतात असतानाच सरकारने अध्यादेश काढला आणि १९९२ च्या दुरुस्तीने मुदत दहा वर्षांनी वाढली.

हे गणित ओळखीच्या नावांवर करून पाहता येते.

बालकवी. धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोंबरे ५ मे १९१८ रोजी गेले. तेव्हाच्या ५० वर्षांच्या हिशेबाने त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या कविता १९६८ च्या अखेरीस मोकळ्या झाल्या.

साने गुरुजी. अमळनेरच्या शाळेत शिकवणारे, फैजपूर काँग्रेसच्या काळात या भागात राबलेले गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. १ जानेवारी १९५१ पासून ६० वर्षे मोजली की ३१ डिसेंबर २०१० येते. हयातीत प्रसिद्ध झालेली त्यांची पुस्तके १ जानेवारी २०११ पासून सर्वांची आहेत.

बहिणाबाई. पुस्तक निधनानंतर, १९५२ मध्ये आले. १ जानेवारी १९५३ पासून ६० वर्षे धरली, की त्या पुस्तकातली गाणी ३१ डिसेंबर २०१२ नंतर मोकळी होतात.

पु. ल. देशपांडे. निधन १२ जून २०००. त्यांच्या लेखनावरचा हक्क ३१ डिसेंबर २०६० पर्यंत आहे.

एवढे कळले की व्हॉट्सअॅपवर आलेल्या दोन पीडीएफमधला फरक लगेच दिसतो. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ची मूळ संहिता कोणीही टंकून, छापून, वाचून मुद्रित करून मोफत वाटू शकतो. पु. लं.च्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ची स्कॅन केलेली प्रत वाटणे हक्कभंग आहे. मोकळ्या झालेल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीतली नवी चित्रे, नवी प्रस्तावना आणि टिपा यांच्यावर मात्र स्वतंत्र हक्क असतो, हेही ध्यानात ठेवावे लागते.

४. स्वतःपुरती प्रत

आता मूळ प्रश्नाकडे. कायद्याचे कलम ५२ म्हणजे हक्कभंग न ठरणाऱ्या गोष्टींची लांबलचक यादी आहे. तिचे पहिलेच कलम खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठी, अभ्यास-संशोधनासाठी केलेल्या ‘रास्त वापरा’ला मुभा देते. अशा वापरासाठी कृती संगणकात किंवा मोबाईलमध्ये साठवणेही हक्कभंग नाही, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे.

ही मुभा आज वाटते तितकी जुनी नाही. २०१२ पर्यंत ती साहित्य, नाट्य, संगीतरचना आणि कलाकृती यांच्यापुरती होती. चित्रपट आणि ध्वनिमुद्रण तिच्यात नव्हते. म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकांत आकाशवाणीवरचे गाणे टेपरेकॉर्डरवर घेणाऱ्या, मित्राकडची कॅसेट कोऱ्या कॅसेटवर उतरवणाऱ्या पिढीला कायद्याच्या मजकुरात कुठेच आधार नव्हता. घराघरांत कॅसेटी भरल्या जात होत्या आणि कायदा त्यांच्याकडे पाहतही नव्हता. २१ जून २०१२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ‘कोणतीही कृती’ असे शब्द घातले आणि गाणी-चित्रपटही या मुभेत आले. संगणक प्रणाली तेवढी बाहेर ठेवली. तिचे नियम पुढे येतील.

‘रास्त’ म्हणजे किती? कायद्यात पानांचा किंवा मिनिटांचा आकडा नाही. न्यायालये तीन गोष्टी प्रामुख्याने पाहतात: वापर कशासाठी, प्रत किती भागाची, आणि तिच्यामुळे मूळ कृतीची विक्री मारली जाते का. ही कसोटी काही प्रसंगांना लावून पाहू.

घरात विकत घेतलेली भक्तिगीतांची सीडी आहे, पण ती वाजवायला यंत्र उरलेले नाही. गाणी संगणकात घेऊन स्वतःच्या मोबाईलवर ऐकली. एकदा पैसे दिलेले आहेत, प्रत घरातच आहे. वैयक्तिक वापराचे याहून सरळ उदाहरण सापडणार नाही.

वाचनालयातल्या महागड्या ग्रंथातून अभ्यासासाठी एका प्रकरणाची छायाप्रत काढली. हेही मुभेत बसते. अख्ख्या ग्रंथाची छायाप्रत काढली आणि तो ग्रंथ दुकानात सहज मिळत असेल, तर ‘रास्त’ म्हणणे अवघड जाते.

परदेशातून एखाद्या पुस्तकाची किंवा सीडीची एक प्रत स्वतःसाठी मागवली. कायद्यानेच एका प्रतीच्या आयातीला सूट दिली आहे.

शिक्षणासाठी आणखी मोठी सवलत आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिजसह तीन बड्या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला. शिक्षकांनी नेमलेल्या पुस्तकांतली प्रकरणे एकत्र करून हे दुकान विद्यार्थ्यांना छायाप्रती देत होते. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला आणि डिसेंबरमध्ये खंडपीठाने तत्त्व कायम ठेवले: शिकवण्याच्या ओघात, शिकवण्याला लागेल तेवढी प्रत काढणे हक्कभंग नाही. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कोणत्याही महाविद्यालयातल्या प्राध्यापकाला आणि विद्यार्थ्याला हा निकाल उपयोगाचा आहे.

५. लग्नाची कॅसेट कोणाची?

घरोघरी पडणारा एक प्रश्न याच ओघात सोडवता येतो. फोटोग्राफरने काढलेल्या लग्नाच्या फोटोंच्या आणि व्हिडिओच्या प्रती त्याला न विचारता काढता येतात का?

इथे कायदा कुटुंबाच्या बाजूने आहे. पैसे देऊन कोणाकडून फोटो किंवा चित्रफीत करवून घेतली, तर वेगळा करार नसेल तेव्हा पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा असतो. कुटुंबाने त्या कितीही प्रती काढाव्यात, नातेवाइकांना पाठवाव्यात. फक्त चित्रफितीच्या मागे लावलेले सिनेमातले गाणे त्यांचे होत नाही. म्हणूनच असा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला की कधी आवाज बंद होतो, कधी हक्काची सूचना येते.

वरातीत गाणी वाजवण्याबद्दल वेगळे कलम आहे. धार्मिक विधी आणि सरकारी समारंभ यांत गाणी सादर करण्याला सूट असून, लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले इतर सामाजिक कार्यक्रम तिच्यात धरले आहेत.

६. पाहणे आणि पसरवणे

२०१६ च्या ऑगस्टमध्ये देशभरच्या वृत्तपत्रांत एक बातमी झळकली. बेकायदा संकेतस्थळ उघडले, की इंटरनेट कंपन्यांच्या पानावर इशारा दिसू लागला: इथला मजकूर पाहणे, उतरवणे, दाखवणे किंवा त्याची प्रत काढणे हा दंडनीय गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड. ‘नुसते पाहिले तरी तुरुंग’ ही समजूत पसरली ती तेव्हा.

या इशाऱ्यामागे ‘ढिशूम’ या हिंदी चित्रपटाचे मुंबई उच्च न्यायालयातले प्रकरण होते. त्याच प्रकरणात ऑगस्टच्या अखेरीस न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी हा मजकूर तपासला आणि त्यातले ‘पाहणे’ चुकीचे असल्याचे नोंदवले. गुन्हा पाहण्यात नाही. हक्कदाराचे नुकसान करणाऱ्या वितरणात, जाहीर प्रदर्शनात, परवानगीशिवाय विक्रीला किंवा भाड्याने देण्यात आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. सामान्य वाचकासाठी या विषयावरचा हा सर्वांत उपयुक्त निकाल आहे. आपल्या हातातली प्रत आणि लोकांत सोडलेली प्रत यांच्यात तो स्वच्छ रेघ मारतो.

पण या रेघेचा चुकीचा अर्थ लावू नये. बेकायदा प्रत पाहणाऱ्याला कैद होत नाही, याचा अर्थ ती प्रत कायदेशीर झाली असा नाही. शिवाय तांत्रिक गफलत होऊ शकते. टोरेंट या पद्धतीत सिनेमा उतरवून घेत असतानाच उतरलेले तुकडे इतरांना आपोआप पाठवले जातात. वापरणाऱ्याला वाटते, आपण फक्त घेतो आहोत. प्रत्यक्षात तो त्याच क्षणी वाटतही असतो, आणि वितरण सुरू झाले की ‘स्वतःपुरते’ हा बचाव लंगडा पडतो.

७. कार्ड भरून देणारा आणि ग्रुपवर टाकणारा

मेमरी कार्ड भरून देणाऱ्या दुकानाचे उत्तर आता आपोआप मिळते. गिऱ्हाईक स्वतःसाठी घेत असले, तरी दुकानदार परवानगीशिवाय प्रती काढून विकतो. कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून केलेल्या अशा हक्कभंगाला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड आहे. धंद्यात फायद्यासाठी केलेले नसेल, तर न्यायालय कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२२ रोजी निट प्रो इंटरनॅशनलच्या खटल्यात स्पष्ट केले. म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात.

महाराष्ट्राने यापुढेही पाऊल टाकले आहे. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले यांना स्थानबद्ध करण्यासाठी १९८१ मध्ये आलेल्या राज्याच्या कायद्यात २००९ मध्ये ‘व्हिडिओ पायरेट’ हा वर्ग घातला गेला. चित्रपटगृहात कॅमेरा लावून सिनेमा टिपणाऱ्यांसाठी २०२३ ची केंद्राची चलच्चित्र दुरुस्ती आहे. तिच्यात तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड असून, तो चित्रपटाच्या निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत वाढू शकतो.

पैसे न घेता ग्रुपवर टाकले तर? इथे बहुतेकांचा समज चुकतो. पैसे घेतले नाहीत म्हणून वितरण खासगी होत नाही. टाळेबंदीत, २०२० मध्ये, वृत्तपत्रांच्या अंकांच्या पीडीएफ रोज सकाळी ग्रुपवर फिरत होत्या. जागरण प्रकाशनाने टेलिग्रामविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा केला. मे महिन्याच्या अखेरीस न्यायालयाने असे चॅनेल काढून टाकण्याचा आणि ते चालवणाऱ्यांची माहिती देण्याचा आदेश दिला. स्पर्धा परीक्षांच्या शिक्षिका नीतू सिंह यांच्या व्याख्यानांच्या आणि पुस्तकांच्या प्रती टेलिग्रामवर फिरत असल्याचे प्रकरणही न्यायालयात गेले. त्यातही न्यायालयाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये चॅनेलवाल्यांचे तपशील उघड करायला सांगितले. टोपणनाव घेतले की आपण सापडत नाही, ही समजूत त्या दिवशी संपली.

रावेरच्या अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करणाऱ्याला हे नेमके लागू पडते. विकत घेतलेल्या कोर्सच्या नोट्स स्वतःच्या फोनवर ठेवणे एक. त्या दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकणे दुसरे. पहिल्याचे रक्षण कलम ५२ करते. दुसऱ्याचे करत नाही.

इथे नुकसान कोणाचे होते, हेही पाहिले पाहिजे. २०१६ मध्ये ‘सैराट’च्या बेकायदा प्रती फिरल्या, तरी लोकांनी चित्रपटगृहे भरली आणि मराठीतला कमाईचा विक्रम झाला. त्या चित्रपटाला तो घाव पेलला. घरचे पैसे घालून एखादे अहिराणी गाणे चित्रित करणाऱ्या तरुणांना तो पेलत नाही. त्यांचे उत्पन्न त्यांच्या स्वतःच्या चॅनेलवर गाणे किती वेळा पाहिले जाते, यावर ठरते. गाणे उतरवून दुसऱ्याने आपल्या पानावर चढवले, की ती प्रेक्षकसंख्या आणि तिच्यामागचे पैसे भलतीकडे जातात.

८. संगणक प्रणाली आणि डिजिटल कुलूप

डीटीपी सेंटर, सायबर कॅफे, पतसंस्था, शाळा या सगळ्यांना संगणक प्रणालीचे नियम माहीत असायला हवेत, कारण ते गाण्यांपेक्षा कडक आहेत. १९८४ पासून संगणक प्रणाली ‘साहित्यकृती’त मोजली जाते. विकत घेतलेली प्रणाली चालवण्यासाठी लागणारी प्रत आणि ती खराब झाल्यास हाताशी असावी म्हणून ठेवलेली प्रत, या दोन्ही चालतात. स्वतः कायदेशीर मिळवलेल्या प्रतीवरून बिगरव्यापारी वैयक्तिक वापरासाठी प्रत काढणेही चालते. पण चोरीची आहे हे ठाऊक असताना ती वापरणे हाच स्वतंत्र गुन्हा आहे. त्याला किमान सात दिवसांची कैद आणि किमान ५० हजार रुपये दंड आहे. धंद्यासाठी वापर नसेल, तर न्यायालय कैद माफ करून केवळ दंड करू शकते. गाणे ऐकणारा आणि चोरीच्या प्रणालीवर लग्नपत्रिका छापणारा यांच्यात कायदा एवढे अंतर ठेवतो.

चोरी होऊ नये म्हणून निर्माते कुलपे लावतात. पुण्यात तयार झालेली श्री-लिपी वापरणाऱ्या जुन्या डीटीपी चालकांना संगणकाच्या मागे लावायचे छोटे यंत्र आठवत असेल. ते काढले की प्रणाली चालत नसे. ई-पुस्तके, डीव्हीडी आणि चित्रपटांच्या अॅपमध्ये अशीच कुलपे असतात. २०१२ मध्ये आलेल्या कलम ६५-अ प्रमाणे हक्कभंग करण्याच्या हेतूने असे कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी ते काढले, तर गुन्हा नाही. मात्र दुसऱ्याला असे कुलूप काढून देणाऱ्याने त्या व्यक्तीचे नाव-पत्त्यासह नोंदपुस्तक ठेवायचे असते.

याच दुरुस्तीने अंध आणि अन्य अपंग वाचकांसाठी पुस्तके ब्रेल, ध्वनी किंवा त्यांना वापरता येईल अशा रूपात करून देण्याची मोकळीक दिली. याच विषयावरच्या मराकेश कराराला २०१४ मध्ये मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश होता. रावेरमधल्या अंध विद्यार्थ्यासाठी कोणी पाठ्यपुस्तक वाचून मुद्रित केले, तर त्याने कोणाचीही भीती बाळगू नये.

९. इतर देशांनी काय केले?

घरगुती प्रतींचा प्रश्न जगभर पडला. अमेरिकेत सोनी कंपनीच्या व्हिडिओ रेकॉर्डरवर चित्रपट कंपन्यांनी खटला भरला. १९८४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की टीव्हीवरचा कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी घरी मुद्रित करणे रास्त आहे. जर्मनीने १९६५ मध्येच वेगळी वाट काढली: लोकांना घरी प्रती काढू द्या, पण रेकॉर्डिंग यंत्राच्या किमतीवर छोटी आकारणी बसवा आणि ती रक्कम कलावंतांत वाटा. युरोपातल्या अनेक देशांनी ही पद्धत उचलली. ब्रिटनने ऑक्टोबर २०१४ मध्ये भरपाईविना घरगुती प्रतींना परवानगी दिली आणि कलावंतांच्या संघटना न्यायालयात गेल्यावर २०१५ मध्ये ती रद्द झाली.

भारतात कोऱ्या पेनड्राइव्हवर किंवा मोबाईलवर अशी आकारणी नाही. इथल्या वाचकाला मुभा मिळाली आहे आणि कलावंताला तिच्याबद्दल भरपाई मिळत नाही. म्हणून ही मुभा घरापुरती ठेवणे भारतीय वाचकावर जास्त बंधनकारक आहे.

१०. हक्काने घेता येईल असे बरेच

मोफत वाचायचे-ऐकायचे असेल, तर चोरीच्या वाटेने जाण्याची गरज दिवसेंदिवस कमी होत आहे. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर खुला आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली शेकडो पुस्तके मोफत ठेवली आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ रूपात विद्यार्थ्यांना घेता येतात. मराठी विकिस्रोतावर हक्कमुक्त साहित्य स्वयंसेवक टंकून ठेवतात आणि साने गुरुजींची पुस्तके तिथे आहेत.

सार्वजनिक वाचनालयांनाही कायद्याने वाव दिला आहे. बिगरव्यापारी वाचनालय आपल्याकडे असलेल्या पुस्तकाची जतन करण्यासाठी डिजिटल प्रत करू शकते. भारतात विक्रीला उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या वाचनालयाच्या वापरासाठी तीनपर्यंत प्रती काढू शकते. खान्देशातल्या जुन्या वाचनालयांतली कित्येक पुस्तके आता कुठेच छापली जात नाहीत आणि त्यांची पाने हात लावताच तुटतात. त्यांच्यासाठी ही दोन कलमे फार मोलाची आहेत.

तेव्हा रावेर तालुक्यातल्या वाचकाने दोन गोष्टी जरूर कराव्यात. घरात लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटी, आजोबांच्या कीर्तनाची किंवा आजीच्या ओव्यांची घरीच केलेली मुद्रणे पडून असतील, तर ती याच वर्षी डिजिटल करून घ्यावीत. कायदा आड येत नाही आणि चुंबकीय फीत मात्र वर्षागणिक खराब होते आहे. आणि आवडलेले नवे खान्देशी गाणे मित्राला पाठवायचे असेल, तेव्हा फाईल पाठवू नये. गायकाच्या स्वतःच्या चॅनेलचा दुवा पाठवावा.